घर भरलेले, पण बाळाकडे कोण बघते आहे?

रविवारची संध्याकाळ, सहाची वेळ. दोन खोल्यांच्या घरात पंचवीस-तीस माणसे. भिंतीवर फुगे आणि सोनेरी कागदाच्या झालरी. स्वयंपाकघरात पुलावाचे मोठे पातेले जाड टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवलेले. संध्याकाळी धावपळ नको म्हणून पुलाव सकाळी अकरालाच करून झाला आहे. आजी निरांजनातली वात सारखी करते आहे, मावशी केकचा खोका उघडते आहे आणि बाबा मोबाइल धरून ‘इकडे बघ, इकडे बघ’ म्हणत आहेत. ज्याचा पहिला वाढदिवस आहे, त्याला मात्र कॅमेऱ्यात काडीचा रस नाही. मघाशी फुटलेल्या फुग्याचा एक लाल तुकडा फरशीवर पडला आहे. त्याच्या दृष्टीने साऱ्या सोहळ्यातली सर्वांत आकर्षक वस्तू तीच आहे.

असे वाढदिवस घरोघरी होतात आणि बहुतेक आनंदात पार पडतात. तरीही कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात सुट्टीच्या रात्री एखादे मूल समारंभातून थेट येते. अंगात झालरीचा फ्रॉक असतो, कपाळावर औक्षणाचे कुंकू असते आणि सोबत आलेल्या दहा माणसांपैकी प्रत्येक जण एकच वाक्य सांगतो, ‘आम्ही सगळे तिथेच होतो हो.’

हे वाक्य खरे असते, आणि दुखणेही नेमके तिथेच असते.

सगळे असतात, तेव्हा

एरवीच्या दिवशी रांगणाऱ्या बाळावर आईची, आजीची किंवा सांभाळणाऱ्या बाईची नजर असते. ती जबाबदारी कोणाची, हे घरात ठरलेले असते. समारंभाच्या दिवशी माणसे दहापट होतात आणि ही वाटणी मोडते. आईला वाटते बाळ आत्याकडे आहे, आत्याला वाटते आजोबांकडे आहे, आजोबा दारात पाहुण्यांचे स्वागत करत असतात. त्याच दिवशी घरातल्या वस्तूंची जागाही बदललेली असते. एरवी वरच्या फळीवर असणारे दाणे टीपॉयवर येतात. गरम पातेले ओट्यावरून खाली, जेवणाच्या पंगतीजवळ येते. पाहुण्यांच्या पर्स पलंगावर पडतात, आणि त्यांतल्या एखाद्या पर्समध्ये मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी असते. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा आहेत, की त्यातली एक जरी दीड-दोन वर्षांच्या मुलाने गिळली तरी रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. न्हाणीघरात पाण्याची भरलेली बादली असते आणि हात धुवायला जाणाऱ्या-येणाऱ्यांमुळे दार उघडेच राहते. तोल जाऊन डोके बादलीत गेले, तर लहान मुलाला स्वतःहून वर येता येत नाही.

यावर उपाय साधा आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. कार्यक्रम सुरू होण्याआधी घरातल्या मोठ्या माणसांनी पाळ्या लावाव्यात. प्रत्येकाने अर्धा तास फक्त लहान मुलांजवळ बसायचे. त्या अर्ध्या तासात फोटो काढायचे नाहीत, वाढायचे नाही आणि मोबाइलही हातात घ्यायचा नाही. पाळी संपली की पुढच्या माणसाला तोंडाने सांगायचे, ‘आता तुझ्याकडे.’ पोहण्याच्या तलावावर जीवरक्षकाची पाळी अशीच बदलते. पंचवीस माणसांच्या ओझरत्या नजरेपेक्षा एका माणसाचे पूर्ण लक्ष जास्त कामाचे असते.

करंगळीएवढी वाट

लहान मुलाची श्वासनलिका साधारण त्याच्याच करंगळीएवढी असते. भुईमुगाचा एक दाणा, फुटाणा, डाळिंबाचा दाणा किंवा सीताफळाची बी तिच्यात अडकायला पुरेशी असते. त्यात बाळाला पुढचे दात आधी येतात आणि चावून बारीक करणाऱ्या दाढा नंतर. मागच्या दाढा पूर्ण यायला दोन-अडीच वर्षे लागतात. म्हणजे दाण्याचा तुकडा पाडण्याची सोय असते, पण तो दळण्याची नसते. त्यातच मूल पळत, हसत किंवा रडत असेल, तर एका खोल श्वासाबरोबर तो तुकडा आत ओढला जातो.

म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांच्या खाऊमध्ये अख्खे शेंगदाणे, काजू, फुटाणे, गोल कडक गोळ्या आणि पॉपकॉर्न नसावेत. द्राक्षे द्यायची तर उभी चिरून चार फोडी कराव्यात. आडवी चकती केली की ती गोलच राहते आणि नेमकी नळीत बसते. मुलांनी खाताना खाली बसावे. हातात खाऊ घेऊन पळापळ, संगीत खुर्ची किंवा गादीवर उड्या, हे एकाच वेळी नको.

खाताना ठसका लागून मूल पुन्हा खेळू लागले की घरचे निर्धास्त होतात. पण श्वासनलिकेतून पुढे सरकलेला दाणा एका बाजूच्या फुप्फुसाच्या नळीत जाऊन बसतो, तेव्हा सुरुवातीचा ठसका थांबतो. मग आठवड्या-दोन आठवड्यांनी खोकला आणि ताप येतो, एका बाजूला घरघर ऐकू येते. मुलाला दम्याची किंवा न्यूमोनियाची औषधे सुरू होतात, तेवढ्यापुरते बरे वाटते आणि पुन्हा तेच. ‘वाढदिवसाला दाणे खाताना जोरात ठसका लागला होता’ हे एक वाक्य डॉक्टरांना सांगितले, तर निदानाची दिशा बदलते आणि दुर्बिणीने दाणा काढता येतो. एक्स-रेमध्ये शेंगदाणा सहसा दिसत नाही. म्हणून घरच्यांनी सांगितलेली ही हकिगत फार मोलाची असते.

फुगा मात्र या सगळ्यांपेक्षा वेगळा आहे. दाणा कडक असल्यामुळे त्याच्या कडेने थोडी हवा जाऊ शकते. रबराचा मऊ तुकडा घशात जिथे बसेल तिथला आकार घेतो आणि वाट पूर्ण बंद करतो. न फुगवलेल्या किंवा फुटलेल्या फुग्यामुळे आठ वर्षांखालची मुले गुदमरू शकतात, असा इशारा अमेरिकेत फुग्यांच्या पाकिटावर छापणे बंधनकारक आहे. आपल्याकडे पाच वर्षांच्या मुलाच्या हातात अख्खे पाकीट देऊन ‘फुगव बघू’ म्हटले जाते. फुगे मोठ्यांनी पंपाने फुगवावेत, मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे वर बांधावेत, आणि फुगा फुटला की सर्वांत आधी त्याचे तुकडे वेचावेत.

श्वास अडकलाच तर

मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, बोलत असेल, तर हवा जाते आहे. त्याला खोकू द्यावे आणि जवळ थांबावे. पाठीवर थापट्या मारू नयेत, पाणी पाजू नये. पण आवाजच निघत नसेल, खोकला नुसता पोकळ असेल, ओठ निळे पडत असतील, तर वाट बघायला वेळ नसतो. एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने लगेच सुरुवात करावी.

एक वर्षाच्या आतले बाळ असेल, तर त्याला आपल्या हातावर पालथे घ्यावे. डोके छातीपेक्षा खाली आणि जबडा हाताने नीट धरलेला असावा. तळहाताच्या मागच्या भागाने दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाच ठाम फटके द्यावेत. वस्तू निघाली नाही, तर बाळाला उताणे करून छातीच्या मधोमध पाच वेळा दाबावे. वस्तू बाहेर येईपर्यंत आळीपाळीने हेच करत राहावे. वर्षाच्या पुढच्या मुलाला पुढे वाकवून पाठीवर तसेच पाच फटके द्यावेत. नंतर मागे उभे राहून किंवा गुडघ्यावर बसून, एक मूठ बेंबीच्या थोडी वर ठेवावी, दुसऱ्या हाताने ती धरावी आणि आत व वर असा पाच वेळा झटका द्यावा. तोंडात डोळ्यांना वस्तू दिसत असेल तरच काढावी. न दिसता बोट घातले, तर ती आणखी खाली ढकलली जाते. पाय धरून उलटे लटकवू नये. मूल बेशुद्ध झाले, तर सपाट जागी झोपवून छाती दाबणे आणि कृत्रिम श्वास देणे सुरू करावे. हे वाचून हाताला सवय होत नाही. प्रथमोपचाराच्या वर्गात बाहुलीवर एकदा तरी करून बघायला हवे. घरातल्या दोघांनी ते शिकून ठेवले, तर वाढदिवसाची ती सर्वांत चांगली तयारी ठरेल.

चकाकणारा छोटा सेल

केकवर गाणे वाजवणारी मेणबत्ती, डोक्यावरचा लुकलुकणारा मुकुट, परतभेट म्हणून दिलेले दिव्याचे खेळणे, यांतल्या पुष्कळ वस्तूंमध्ये बटणासारखा चपटा सेल असतो. स्वस्त खेळण्यांत त्याचे झाकण नुसते दाबून बसवलेले असते आणि ते सहज निघते. मोठा, नाण्याएवढा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला, की ओलसर अस्तराला लागून विजेचा प्रवाह सुरू होतो आणि त्या जागी तीव्र अल्कली तयार होते. सेल फुटण्याचीही गरज नसते. दोन तासांत अन्ननलिकेला खोल भाजल्यासारखी जखम होऊ शकते, आणि सेल काढल्यानंतरही ती वाढत राहू शकते.

मूल सांगू शकत नाही. अचानक लाळ गळणे, गिळायला नकार, उलटी, छातीत दुखल्यासारखे करणे आणि खेळण्यातला सेल गायब असणे, एवढी जुळणी पुरे. ‘शीतून पडेल’ म्हणून थांबू नये, केळे खायला देऊ नये, उलटी काढू नये. जिथे एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय आहे, अशा रुग्णालयात ताबडतोब न्यावे. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल आणि गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देता येतो. त्याने सेलभोवतीची इजा थोडी मंदावते. पण मध शोधण्यासाठी निघायला उशीर करू नये. एका वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध कधीच देऊ नये, एरवी चाटवण्यापुरतासुद्धा नाही. मधातल्या काही जंतूंच्या बीजाणूंपासून त्याला बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो.

निरांजन, मेणबत्ती आणि फवारा

औक्षणाच्या निरांजनाने वर्षानुवर्षे कोणाला काही झाले नाही, कारण मूल सुती झबल्यात असे आणि ताम्हण आजीच्या सरावलेल्या हातात असे. आता अंगावर नायलॉनच्या जाळीचा फुगीर फ्रॉक असतो. तो पेटला की वितळतो आणि कातडीला चिकटतो. औक्षण आणि केक कापणे होईपर्यंत तरी सुती कपडे घालावेत, फोटोचा फ्रॉक नंतर चढवावा.

बर्फासारखा फेस उडवणाऱ्या डब्यांमध्ये बरेचदा ज्वलनशील वायू असतो. पेटत्या मेणबत्तीच्या दिशेने तो फवारला, की क्षणात भडका उडतो आणि तो नेमका केकवर वाकलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर येतो. ज्या घरात मेणबत्ती पेटणार आहे, त्या घरात हा डबा आणूच नये. तीच गोष्ट गॅसच्या फुग्यांची. हीलियम पेटत नाही, पण महाग असतो. रस्त्यावरच्या स्वस्त फुग्यांत बरेचदा हायड्रोजन असतो आणि तो ठिणगीने स्फोटासारखा पेटतो. आवाज बारीक व्हावा म्हणून हीलियम ओढण्याचा खेळही नको. तो फुप्फुसातल्या प्राणवायूची जागा घेतो.

भाजले, तर नळाच्या वाहत्या, साध्या गार पाण्याखाली भाजलेला भाग वीस मिनिटे धरावा. घड्याळ लावून वीस मिनिटे, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटेही खूप वाटतात. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई काहीही लावू नये. कातडीला न चिकटलेले कपडे आणि बांगड्या काढाव्यात, स्वच्छ सुती कापडाने झाकून रुग्णालयात न्यावे.

अन्नाचेही घड्याळ असते

आता सकाळी अकराच्या त्या पुलावाकडे वळू. ‘घरचे आहे, ताजे आहे’ यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा भाग संध्याकाळी आठ वाजेपर्यंत खरा राहत नाही.

तांदळात ‘बॅसिलस सिरियस’ नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते उकळूनही मरत नाहीत. भात कोमट झाला की ते रुजतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. टॉवेलमध्ये गुंडाळलेले पातेले म्हणजे त्यांच्यासाठी ऊबदार पाळणाच. वाढण्याआधी भात पुन्हा वाफवला, तर जंतू मरतात, पण ते विष उष्णतेला दाद देत नाही. दुसरा जंतू ‘स्टॅफिलोकोकस’. तो माणसाच्या नाकात, त्वचेवर आणि बोटावरच्या पिकलेल्या जखमेत असतो. खवा, पनीर, क्रीम, बासुंदी किंवा सँडविचचे सारण हाताळताना तो अन्नात उतरतो. त्याचेही विष गरम करून जात नाही. म्हणूनच जेवणानंतर एक ते सहा तासांत एकाच घरातली दहा माणसे उलट्या करू लागतात आणि सगळे म्हणतात, ‘चांगले गरम करून वाढले होते की!’

जंतूंना मानवणारे तापमान साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस असते. शिजलेले अन्न या टप्प्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि खोलीत ३२ अंशांच्या वर उकाडा असेल, तर एक तासापेक्षा जास्त नाही. महाराष्ट्रातल्या एप्रिल-मेच्या कोणत्याही वाढदिवसाला ही दुसरी मर्यादा लागू होते. त्यामुळे पुलाव शक्यतो वाढण्याच्या तासभर आधीच शिजवावा. आधी करावाच लागला, तर परातीत पसरून लवकर निववावा, उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवावा आणि वाढताना वाफ येईपर्यंत गरम करावा. मोठे पातेले तसेच फ्रिजमध्ये सरकवले, तर त्याचा मधला भाग कित्येक तास कोमटच राहतो. क्रीमचा केक कापायच्या वेळेलाच बाहेर काढावा. पाणीपुरीचे पाणी आणि चटणी उकळून गार केलेल्या पाण्यात करावी. बाहेरून आणलेला लादीचा बर्फ सरबतात घालू नये, तो बाटल्या गार करण्यापुरता असतो. कच्च्या अंड्याचे मेयोनीज मुलांना देऊ नये. विषबाधेच्या घटनांनंतर २०२४ मध्ये तेलंगणा सरकारने त्यावर एक वर्षाची बंदी घातली होती. बोटाला जखम किंवा पोट बिघडलेले असेल, त्या माणसाने त्या दिवशी स्वयंपाक करण्याऐवजी पाहुण्यांचे स्वागत करावे.

उलट्या-जुलाब झालेच, तर जलसंजीवनी थोडी थोडी, चमच्याचमच्याने पाजावी. मूल सुस्त पडले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, शौचात रक्त दिसले किंवा काहीच पोटात टिकत नसेल, तर दवाखाना गाठावा.

साखरेवरचा आरोप

‘केक खाल्ला की पोरे अंगात आल्यासारखी करतात,’ हे जवळजवळ प्रत्येक आई सांगते. १९९५ मध्ये या विषयावरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. साखरेने मुलांचे वागणे बदलते, असे त्यात दिसले नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा एक प्रयोग अधिक बोलका आहे. मुलांना साखर नसलेलेच पेय दिले, पण काही आयांना सांगितले, की त्यात भरपूर साखर होती. त्या आयांना आपली मुले जास्त चळवळी वाटली. मुले उधळतात ती वीस सवंगडी, मोठे गाणे आणि हुकलेली झोप यांनी.

म्हणून साखर निर्दोष ठरत नाही. दात, वजन आणि गोडाची लागणारी चटक यांसाठी ती कमीच हवी, आणि दोन वर्षांखालच्या मुलाच्या तोंडात केकचा मोठा घास कोंबण्याची हौस टाळावी. पण वर्षातून एका दिवशीच्या केकच्या तुकड्यावरून मुलाला सगळ्यांदेखत रागवण्याचे कारण नाही.

मेणबत्त्या फुंकण्याविषयीही बरीच भीती असते. अमेरिकेतल्या क्लेम्सन विद्यापीठाच्या २०१७ च्या प्रयोगात फुंकर मारल्यावर आयसिंगवरचे जंतू सरासरी १४०० टक्क्यांनी वाढलेले आढळले. आकडा घाबरवणारा असला, तरी तोंडातले बहुतेक जंतू निरोगी माणसाला निरुपद्रवी असतात. फुंकणारा सर्दी-तापाने आजारी असेल, तर मात्र त्याच्यासाठी छोटा वेगळा केक ठेवावा.

आमंत्रणासोबत तीन प्रश्न

मुलांच्या पालकांना बोलावतानाच विचारावे: मुलाला कशाची ॲलर्जी आहे का? काही औषध वेळेवर द्यावे लागते का? घरात कोणाला ताप, पुरळ, जुलाब आहेत का? कांजिण्या अंगावर दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात, म्हणून ‘आता ताप उतरलाय’ एवढे पुरेसे नसते. शेंगदाणा, काजू, दूध किंवा अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाला अंगावर गांधी, ओठांना सूज आणि श्वासाला त्रास एकदम सुरू झाला, तर ती तातडीची वेळ असते. त्याला घरगुती गोळीवर न ठेवता लगेच रुग्णालयात न्यावे.

इन्सुलिन घेणाऱ्या मुलाला अनेकदा बोलावलेच जात नाही. ‘उगाच त्याला केक बघून वाईट वाटेल’ असे परस्पर ठरवले जाते. खरे तर त्याच्या आईला आधी एक फोन केला आणि जेवणाची वेळ व पदार्थ सांगितले, तर ती इन्सुलिनचा हिशेब बसवते आणि ते मूलही इतरांबरोबर केक खाते. वाईट वाटते ते बोलावले नाही याचे.

सजावटीची यादी प्रत्येक घरात होतेच. त्याच कागदाच्या मागे आणखी चार ओळी लिहाव्यात: पुलाव किती वाजता शिजणार, पर्स कोणत्या कपाटात जाणार, न्हाणीघराच्या दाराला कडी कोण लावणार आणि सहा ते साडेसहा बाळाजवळ कोण बसणार. एवढे ठरले, की त्या रविवारी फरशीवरचा लाल तुकडा बाळाच्या आधी कोणीतरी उचललेला असेल. कोणाच्या ते लक्षातही येणार नाही, आणि फोटोत येईल ते फक्त केकने माखलेले तोंड.